गेम जॅम : अल्पावधीतील खेळनिर्मिती आणि खेळांची देवघेव

कोणत्याही कलेचा इतिहास लिहावयास घेतला, की दृष्टी प्रथम तिच्या मोठ्या कृतींकडे जाते. व्हिडिओ गेमचा इतिहासही बहुधा असाच लिहिला गेला आहे. अमुक यंत्र केव्हा बाजारात आले, त्यावरील कोणता खेळ किती खपला, कोणत्या कंपनीचा उत्कर्ष झाला आणि कोणती लयास गेली, ही त्याची नेहमीची प्रकरणे होत. या मांडणीत एका प्रकारच्या खेळांना जागाच उरत नाही. दोन-तीन दिवसांच्या ठरावीक मुदतीत, दिलेल्या विषयावर रचलेले आणि मुदत संपताच सर्वांसाठी खुले केलेले असे हे खेळ होत. ते रचण्यासाठी जो मेळावा भरतो, त्यास 'गेम जॅम' म्हणतात. इ. स. २००२ पासूनच्या दोन दशकांत ही प्रथा अमेरिकेतील मूठभर मंडळींपासून शंभराहून अधिक देशांपर्यंत पोहोचली. तथापि तिच्यातून निर्माण झालेल्या खेळांपैकी पुष्कळसे आज कोणासही खेळता येत नाहीत. ही प्रथा कोणत्या नियमांच्या आधाराने वाढली हे पाहणे, आणि तिची साधने नष्ट होत असता इतिहास नेमका कशास मुकतो याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्दविचार

'जॅम' हा शब्द जॅझ संगीताच्या परिभाषेतून आला आहे. ठरलेला कार्यक्रम आटोपल्यावर वादक मंडळी आपसांत जमत आणि पूर्वतयारीवाचून एखाद्या परिचित रागिणीसारख्या आधारसूत्रावर वाजवीत राहत. अशा बैठकीस 'जॅम सेशन' म्हणत. १९४० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिंटन्स प्लेहाऊस या ठिकाणच्या अशा बैठकी जॅझच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. या शब्दाच्या अर्थात तीन गोष्टी गृहीत आहेत : काळ थोडा असतो, श्रोतृवर्ग बव्हंशी वादकांचाच असतो, आणि कोणी चुकला तरी त्याचा बोभाटा होत नाही. खेळांच्या क्षेत्रात हा शब्द आला, तेव्हा हे तिन्ही अर्थ त्याजबरोबर आले.

दुसरा विचारात घेण्याजोगा शब्द 'लुडम डेअर' हा होय. या नावाच्या मेळाव्याचा वृत्तान्त पुढे येईल. येथे त्याच्या घडणीकडे लक्ष वेधावयाचे आहे. लॅटिन भाषेत 'लूदुस्' म्हणजे खेळ; त्याचे द्वितीयेचे एकवचन 'लूदुम्'. 'दारे' म्हणजे देणे. 'खेळ देणे' असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि रोमन लोक सार्वजनिक खेळ भरविण्याच्या अर्थी हाच धातू योजीत असत. इंग्रजी वाचकास मात्र दुसऱ्या पदात 'धाडस' या अर्थाचा इंग्रजी शब्द दिसतो. शिवाय 'लूदुस्' या लॅटिन शब्दाचा 'शाळा' असाही अर्थ आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे सर्व अर्थ होते असे मानण्याचे कारण नाही. परंतु देणे, धाडस आणि शिक्षण हे या प्रथेचे तीन विशेष एका नावात योगायोगाने एकत्र आले आहेत, एवढे खरे.

मेळाव्याच्या आरंभी जो विषय जाहीर होतो, त्याचे कार्य मराठी व संस्कृत वाचकास अपरिचित नाही. समस्यापूर्तीत कवीला एक चरण दिला जाई आणि त्यास अनुसरून उरलेले पद्य त्याने तेथल्या तेथे रचावयाचे असे. चरण दिला असल्यामुळे पूर्वी करून ठेवलेली रचना खपविता येत नसे, आणि सर्वांचा चरण एकच असल्यामुळे प्रत्येकाच्या कल्पकतेचा भेद स्पष्ट होई. गेम जॅममधील विषयाची उपयुक्तता याच दोन कारणांनी आहे.

२. पूर्वपीठिका

मुदत आणि मर्यादा यांच्या साहाय्याने संगणकावर कलाकृती रचण्याची प्रथा गेम जॅमपेक्षा जुनी आहे. १९८० नंतरच्या दशकात कमोडोर ६४ आणि अमिगा या घरगुती संगणकांवर युरोपातील तरुण मंडळी चित्र, संगीत आणि गणित यांचा मेळ घालून लहान दृश्य-प्रयोग करीत. यांसच 'डेमो' म्हणत व त्यांच्या वर्तुळास 'डेमोसीन'. डेन्मार्कमध्ये १९९१ साली आणि फिनलंडमध्ये १९९२ साली त्यांचे मोठे मेळावे सुरू झाले. तेथे संपूर्ण प्रयोग ६४ किंवा अवघ्या ४ किलोबाइटांत बसविण्याच्या स्पर्धा होत. फिनलंडने २०२० साली या परंपरेची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केली, यावरून तिचे महत्त्व ध्यानात येते. लुडम डेअरमध्ये रूढ झालेला 'कॉम्पो' हा शब्द या वर्तुळाच्या परिभाषेतील आहे. चित्रकथांच्या क्षेत्रात स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९० साली चोवीस तासांत चोवीस पृष्ठांची चित्रकथा पुरी करण्याचा जो प्रयोग केला, तोही याच जातीचा होय.

दुसरे कारण आर्थिक स्वरूपाचे होते. १९८० च्या सुमारास एकटा मनुष्य एखादा खेळ रचून विकू शकत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही स्थिती पालटली. त्रिमिती चित्रणामुळे एका खेळामागे अनेक माणसे, अनेक महिने आणि मोठे भांडवल लागू लागले. भांडवल देणारा प्रकाशक साहजिकच खपलेल्या खेळाची पुढील आवृत्ती मागे. ज्या कल्पनेचे फळ आधी सांगता येत नाही, तिच्यावर पैसा लावण्यास कोणी धजेना. प्रयोग करावयाचा तर तो स्वस्त असला पाहिजे, आणि स्वस्त असावयाचा तर तो अल्पकाळात पुरा झाला पाहिजे, हा विचार या परिस्थितीतून पुढे आला.

३. ओकलंड, २००२

मार्च २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ख्रिस हेकर आणि शॉन बॅरेट यांनी 'इंडी गेम जॅम' भरविला. निमंत्रित चौदा जण स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे व खेळांची रचना करणारे होते. त्यांना चार दिवस देण्यात आले. पडद्यावर एकाच वेळी एक लाख लहान चित्राकृती हलत्या ठेवू शकेल, असे एक सामाईक यंत्रणेचे सूत्र त्यांच्या हाती आगाऊ ठेवले होते. एक लाख आकृतींचा खेळात काय उपयोग होईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याची उत्तरे सॅन होजे येथे त्याच महिन्यात भरलेल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये प्रयोगशील खेळांच्या सत्रात दाखविण्यात आली. २००३ साली खेळणाऱ्याच्या शरीराची सावली व २००४ साली पदार्थांच्या गतीचे भौतिकशास्त्र, असे आधार पुढील मेळाव्यांत घेतले गेले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे लोक नवशिके नव्हते. खेळांच्या धंद्यात त्यांचे नाव होते. धंद्यात जे करता येत नव्हते, त्यासाठी त्यांनी धंद्याच्या कडेला चार दिवसांची मोकळी जागा निर्माण केली. यास्तव गेम जॅमचा आरंभ हौशी लोकांच्या करमणुकीतून झाला, ही समजूत अपुरी ठरते.

४. लुडम डेअर आणि परस्परपरीक्षण

पुढल्याच महिन्यात, एप्रिल २००२ मध्ये, जेफ हाउलंड यांनी लुडम डेअरचा पहिला मेळावा घडवून आणला. येथे कोणी एकत्र जमावयाचे नव्हते. जो तो आपापल्या घरी बसून काम करी व इंटरनेटद्वारे एकमेकांस कळवी. पहिली मुदत चोवीस तासांची होती. ती अपुरी वाटल्याने पुढे अठ्ठेचाळीस तासांची करण्यात आली. विषय सहभागी लोकांच्या मतदानाने ठरे. मूळ 'कॉम्पो'चे नियम कडक होते : खेळ एकट्याने रचावा, त्यातील चित्रे व ध्वनी मुदतीच्या आतच तयार करावेत, आणि प्रोग्रॅमची मूळ संहिता खेळासोबत सर्वांस उपलब्ध करून द्यावी. संघाने काम करणाऱ्यांसाठी बहात्तर तासांचा सैल नियमांचा 'जॅम' नंतर जोडण्यात आला.

या नियमांतील संहितेविषयीचा नियम सर्वांत दूरगामी ठरला. खेळ खेळून त्याची बांधणी कळत नाही. ती कळण्यास संहिता वाचावी लागते. डिसेंबर २०११ च्या मेळाव्यात 'एकटा' या अर्थाच्या विषयावर मार्कस पर्सन यांनी 'मिनिक्राफ्ट' नावाचा लहान खेळ रचला. 'माइनक्राफ्ट'चा कर्ता म्हणून ते तोवर जगप्रसिद्ध झाले होते. त्यांनीही नियमानुसार संहिता खुली केली, आणि इतरांनी तीत भर घालून त्या खेळाची अनेक नवी रूपे केली. नामवंत आणि अनामिक यांना एकच नियम लागू असल्याचा हा परिणाम होय.

मुदत संपल्यावर परीक्षणाचा काळ सुरू होई. परीक्षक म्हणून बाहेरचे कोणी नसत. ज्यांनी खेळ दिले तेच एकमेकांचे खेळ खेळत, गुण देत आणि अभिप्राय लिहीत. जो इतरांचे खेळ अधिक खेळे, त्याचा खेळ इतरांच्या दृष्टीस अधिक पडावा, अशी योजना पुढे करण्यात आली. अर्थात स्वतःचा खेळ वाचला जावा अशी इच्छा असणाऱ्यास प्रथम वाचक व्हावे लागे. वाङ्मयाच्या कोणत्याही मंडळास हेवा वाटावा अशी ही व्यवस्था होती.

५. पिट्सबर्ग, २००५

तिसरा प्रवाह विद्यापीठातून आला. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात २००५ साली काइल गेब्लर, काइल ग्रे, मॅट कुसिक आणि शालिन शोधन या चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका सत्रात पन्नासांहून अधिक खेळ रचण्याचा संकल्प तडीस नेला. प्रत्येक खेळ एकाच व्यक्तीने, सात दिवसांच्या आत, 'गुरुत्वाकर्षण' किंवा 'वनस्पती' यांसारख्या सामाईक विषयावर करावयाचा असे. त्याच वर्षी त्यांनी आपल्या अनुभवावर एक विस्तृत लेख प्रसिद्ध केला. या लेखाचे वैशिष्ट्य असे, की त्यात यशस्वी खेळांबरोबर फसलेल्या खेळांचीही चिकित्सा होती. गेब्लर यांच्या 'टॉवर ऑफ गू' या लहान खेळातून पुढे रॉन कार्मेल यांच्या सहकार्याने 'वर्ल्ड ऑफ गू' हा पूर्ण खेळ २००८ साली तयार झाला. सात दिवसांच्या प्रयोगाला स्वतंत्र मोल आहे, हे या उदाहरणाने धंद्यातील लोकांनाही पटले.

६. जागतिक विस्तार आणि विषयाची भाषा

डेन्मार्कमध्ये २००६ साली 'नॉर्डिक गेम जॅम' सुरू झाला. त्याचा आदर्श समोर ठेवून सुझन गोल्ड, इयन श्रायबर, गॉर्म लाइ आणि फुआद खोसमूद यांच्या पुढाकाराने जानेवारी २००९ च्या अखेरीस पहिला 'ग्लोबल गेम जॅम' भरला. तेवीस देशांत मिळून ३७० खेळ तयार झाले. आरंभीचे ध्वनिचित्रित भाषण गेब्लर यांचे होते. पिट्सबर्गच्या प्रयोगाचा धागा येथे प्रत्यक्ष जोडला गेला. २०१३ साली देशांची संख्या ६३ व खेळांची तीन हजारांवर गेली, तर २०२० साली ११८ देशांतून नऊ हजारांहून अधिक खेळ आले. २०२१ साली कोविडच्या साथीमुळे हा मेळावा इंटरनेटवर भरवावा लागला. या मेळाव्याने स्वतःस स्पर्धा म्हणवून घेतले नाही. तेथे रचलेले खेळ व त्यांच्या संहिता क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अव्यापारी परवान्याखाली सर्वांस खुल्या ठेवण्याचा नियम होता.

विस्ताराबरोबर भाषेचा प्रश्न उपस्थित झाला. २००९ सालचा विषय एक पूर्ण इंग्रजी वाक्य होते. आपण एकमेकांसाठी आहोत तोवर अडचणींना तोटा पडणार नाही, असा त्याचा आशय होता. वाक्यातील श्लेष ज्यास इंग्रजी नीट येते त्यासच भावणार, हे उघड आहे. २०१२ साली शब्दांऐवजी एक चित्र देण्यात आले : स्वतःचे शेपूट गिळणारा सर्प, अर्थात प्राचीन 'ऊरोबोरोस'. २०१३ साली केवळ हृदयाच्या ठोक्यांचा ध्वनी ऐकविण्यात आला. चित्र आणि ध्वनी यांचे भाषांतर करावे लागत नाही. मात्र त्यांचा अर्थ सर्वत्र एकच होतो असेही नाही. शेपूट गिळणारा सर्प पाहून कोणास कालचक्र आठवेल, कोणास भूक, तर कोणास आत्मनाश. विषय जितका भाषेपासून दूर गेला, तितकी त्याची अनेकार्थता वाढली, आणि मेळाव्याच्या दृष्टीने ती लाभाचीच ठरली. हृदयाच्या ठोक्यांवरून लंडनमधील काही जणांनी 'सर्जन सिम्युलेटर' हा शस्त्रक्रियेचा हास्यकारक खेळ अठ्ठेचाळीस तासांत रचला व त्याच वर्षी त्याची विक्रीयोग्य आवृत्ती काढली.

७. एक उदाहरण : वाक्यरचनेचा खेळ

भाषेच्या अभ्यासकास विशेष मोलाचे उदाहरण २०१७ सालच्या नॉर्डिक गेम जॅमचे आहे. तेथील विषय 'तेथे नाही' या अर्थाचा होता. फिनलंडचे आर्वी तेइकारी यांनी त्यातील नकारवाचक शब्दावर लक्ष केंद्रित करून 'बाबा इज यू' हा खेळ रचला. त्याची विस्तृत आवृत्ती मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. या खेळात नियम हेच पटावरील ठोकळे असतात. 'बाबा', 'इज', 'यू' हे तीन शब्द एका ओळीत असतील, तोवर बाबा नावाचा प्राणी खेळणाऱ्याच्या हुकमतीत राहतो. एक शब्द ढकलून बाजूस सारला, की तो नियम रद्द होतो. 'वॉल इज स्टॉप' हे वाक्य मोडले, की भिंत अडवीत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे विधान करणे आणि जग घडविणे या क्रिया एकच आहेत.

या रचनेचा पाया इंग्रजी वाक्याच्या क्रमावर आहे. उद्देश्य, मध्ये संयोजक क्रियापद आणि शेवटी विधेय, हा क्रम असल्यामुळे मधला ठोकळा बिजागरीसारखा वापरता येतो. शिवाय 'इज' हे रूप कर्त्यानुसार बदलत नाही, असे या खेळाने गृहीत धरले आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि 'आहे', 'आहेस', 'आहेत' अशी त्याची रूपे पुरुष व वचन यांनुसार पालटतात. हाच खेळ मराठीत प्रथम सुचला असता, तर त्याच्या पटाची भूमितीच निराळी झाली असती. एखाद्या भाषेची रूपव्यवस्था खेळाच्या रचनेत किती खोल शिरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळेल. आणि ते अवघ्या दोन दिवसांच्या कामातून उपलब्ध झाले आहे.

८. दोन आक्षेप

गेम जॅमविषयी दोन आक्षेप गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला श्रमाविषयीचा आहे. खेळांच्या धंद्यात मुदतीपूर्वी आठवडेच्या आठवडे अहोरात्र राबवून घेण्याची प्रथा होती. २००४ साली अमेरिकेत एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने प्रसिद्ध केलेल्या पत्रामुळे तिची जाहीर चर्चा झाली. झोप सोडून काम करण्याचे कौतुक गेम जॅममध्ये होत राहिले, तर तीच सवय तरुणांच्या अंगी बाणते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. शिवाय अठ्ठेचाळीस तास सलग मोकळे असणे ही चैन आहे. ज्याच्या घरी लहान मूल वा आजारी माणूस आहे, जो सुटीच्या दिवशीही कामावर जातो, त्यास ती परवडत नाही. दार उघडे असले तरी आत येण्यास वेळ लागतो, आणि वेळ सर्वांजवळ सारखा नसतो.

दुसरा आक्षेप स्पर्धेविषयीचा. २०१४ साली लॉस एंजेलिस येथे प्रायोजकांच्या पैशावर गेम जॅमचा एक दृश्य-कार्यक्रम चित्रित करण्याचा घाट घालण्यात आला. प्रायोजकाच्या अटी, सहभागींना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा प्रयत्न आणि स्त्रियांच्या पात्रतेविषयी विचारलेले डिवचणारे प्रश्न यांमुळे निमंत्रित मंडळींनी पहिल्याच दिवशी काम थांबविले व कार्यक्रम बारगळला. बक्षिसाच्या आमिषापेक्षा आपसांतील सद्भाव त्यांनी अधिक मोलाचा मानला. 'जॅम' या शब्दाच्या मूळ अर्थाची कसोटी येथे लागली असे म्हणता येईल.

९. साधनांचा नाश

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. 'वर्ल्ड ऑफ गू', 'सर्जन सिम्युलेटर', 'बाबा इज यू', २०१३ सालच्या एका सात दिवसांच्या मेळाव्यातून निघालेला 'सुपरहॉट', मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनी चार दिवसांत केलेल्या लहान खेळातून वाढून २०१८ साली प्रसिद्ध झालेला 'सेलेस्ट', ही नावे टिकली. कारण ती बाजारात आली. तेवढ्यांवरून गेम जॅमचा इतिहास लिहिणे म्हणजे केवळ छापील ग्रंथांवरून एखाद्या गावच्या बोलीचे वर्णन करण्यासारखे आहे. प्रथेचे खरे स्वरूप उरलेल्या हजारो खेळांत आहे : अर्धवट राहिलेल्या, फसलेल्या, एकाच विनोदावर उभ्या असलेल्या.

हे खेळ नाहीसे होण्याची कारणे साधी आहेत. लुडम डेअरच्या जुन्या पानांवर बहुतेक ठिकाणी केवळ दुवा असे. खेळ कर्त्याच्या स्वतःच्या जागेवर असे. ती जागा बंद पडली, की दुवा निर्जीव होतो. ब्राउझरमध्ये खेळता यावे म्हणून अनेकांनी युनिटीचा वेब प्लेअर वापरला. २०१५ साली क्रोमने अशा जोडण्यांचा आधार काढून घेतला. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. २०१८ साली सुरू झालेला 'फ्लॅशपॉइंट' हा उपक्रम आणि नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट आर्काइव्हने ब्राउझरमध्येच जुने फ्लॅश खेळ चालविण्याची केलेली सोय, यांमुळे पुष्कळ काही वाचले. लीफ कॉर्कोरन यांनी २०१३ साली सुरू केलेल्या 'इच डॉट आयओ' या स्थळामुळे खेळ, मेळाव्याचा विषय आणि अभिप्राय एके ठिकाणी राहू लागले. परंतु एका खासगी स्थळावर सर्व भार टाकणे हे जतन नव्हे. त्या स्थळाचे आयुष्य तेच त्या संग्रहाचे आयुष्य ठरते.

जतन करावयाचे ते काय, हाही प्रश्न आहे. समस्यापूर्तीचा श्लोक राहिला आणि दिलेला चरण कोणता हे विसरले गेले, तर श्लोक अर्धा हरवतो. तद्वतच गेम जॅममधील खेळ एकटा जपून भागत नाही. त्याजबरोबर दिलेला विषय, मुदतीचे नियम, मूळ संहिता आणि इतर सहभागींनी लिहिलेले अभिप्राय जपले पाहिजेत. त्यांतही अभिप्राय विशेष महत्त्वाचे. कारण ज्यांनी त्याच दोन दिवसांत त्याच विषयाशी झुंज दिली, त्यांनी ते लिहिले आहेत. असे समकालीन व समव्यवसायी टीकेचे साधन फार थोड्या कलांच्या इतिहासास लाभले आहे.

लॅटिन भाषेतील 'देणे' हा शब्द या प्रथेने नावात धारण केला. दिलेले स्वीकारले गेले, खेळले गेले आणि त्यावर कोणी चार ओळी लिहिल्या, यांतूनच ती वाढली. आता त्या ओळी व ते खेळ ठेवून घेण्याचे काम उरले आहे. ते ग्रंथालये आणि विद्यापीठे यांचे आहे. आणि लहान असल्याने ते पुढे ढकलले जाते, हीच त्यातील अडचण आहे.